थेरपीच्या तासाबाहेरचा दिवस : स्वमग्न मुलाला घरी आणि शाळेत साथ देताना

मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा थेरपीविषयी असतो : कोणती घ्यायची, कुठे मिळेल आणि आठवड्यातून किती वेळा न्यावे लागेल. प्रश्न योग्यच आहे. पण त्यामागे अनेकदा अशी समजूत असते की मुलाला जे काही शिकायचे आहे ते थेरपीच्या खोलीतच शिकवले जाणार आणि आपले काम त्याला तिथपर्यंत नेऊन आणण्याचे. समजा, आठवड्यातून दोन वेळा स्पीच थेरपी (बोलणे आणि संवाद यांसाठी) आणि दोन वेळा ऑक्युपेशनल थेरपी (हालचाली, इंद्रिये आणि रोजची कामे यांसाठी) आहे आणि प्रत्येक सत्र पाऊण तासाचे आहे. हे सगळे मिळून तीन तास होतात. आठवड्यात तास असतात 168. मुंबईत तर सत्रापेक्षा जाण्यायेण्यालाच जास्त वेळ लागतो आणि सेंटरला पोहोचेपर्यंत मूल गर्दीने आणि गोंगाटाने थकून गेलेले असते. थेरपी नको, असा याचा अर्थ नाही. तिथे जे सुरू होते ते उरलेल्या तासांत, घरी आणि शाळेत, चालू राहिले तरच टिकते, आणि त्यासाठी बरेचदा मुलाला बदलण्याआधी त्याच्या भोवतालची व्यवस्था बदलावी लागते.

स्वमग्नता हा आजार नाही. ती मेंदूच्या जडणघडणीतली जन्मापासूनची वेगळी घडण आहे. दोन गोष्टी त्यात ठळकपणे दिसतात. इतरांशी संवाद साधणे आणि नाते जोडणे हे या मुलांना वेगळ्या रीतीने जमते किंवा अवघड जाते, ही पहिली. ठराविक क्रम, ठराविक वस्तू, ठराविक हालचाली यांची ओढ असणे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असणे, ही दुसरी. या दोन्हींचे प्रमाण प्रत्येक मुलात निराळे असते. एखादा मुलगा हार्बर लाइनची सगळी स्थानके उलटसुलट क्रमाने सांगतो, पण वर्गात शेजारी बसलेल्या मुलाला पेन्सिल मागू शकत नाही. एखादी मुलगी एक शब्दही बोलत नाही, पण दुकानांच्या पाट्या वाचते. म्हणूनच 'सौम्य' आणि 'तीव्र' या दोन शब्दांत मूल बसवण्याच्या घाईने फारसे काही हाती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालासाठीच्या अंदाजानुसार जगात दर 127 व्यक्तींमागे साधारण एक व्यक्ती स्वमग्न आहे. मुलींमधील लक्षणे बरेचदा उशिरा ओळखली जातात, कारण त्या इतरांचे पाहून वागणे उचलतात आणि 'लाजाळू आहे' या एका शेऱ्यावर विषय मिटतो.

कारणांचा विचार करताना आईला दोषी धरण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचे निरीक्षण करून ही अवस्था प्रथम सविस्तर मांडली. त्यानंतर बराच काळ, आईच्या मायेत कोरडेपणा असल्यामुळे मूल असे होते, हे मत वैद्यकीय वर्तुळातही चालले. ते केव्हाच मोडीत निघाले आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता स्पष्ट आहे. तरीही 'आई नोकरीला जाते ना, म्हणून' हे वाक्य आपल्याकडच्या हळदीकुंकवात अजून ऐकू येते. लसीमुळे स्वमग्नता होते हा दावा करणारा 1998 सालचा शोधनिबंध 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला. मोबाइलमुळेही स्वमग्नता होत नाही. मात्र ज्या मुलाला संवादाची संधी आधीच कमी मिळते, त्याच्या हातात दिवसभर मोबाइल असेल तर ती संधी आणखी कमी होते.

एक वर्ष झाले तरी नावाला प्रतिसाद न देणे, दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात हरवणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. 'त्याचे बाबाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले' हे आजीचे म्हणणे खरे असू शकते, तरीही तपासणी करून घेण्यात तोटा काहीच नाही. आधी श्रवणतपासणी करावी, कारण ऐकू न येण्याची काही लक्षणे अशीच दिसतात. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयात काम करते. शीव, नायर आणि केईएम या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील बालरोग विभागांतही सुरुवात करता येते. निदानाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी निदानाआधीही सुरू करता येतात आणि त्यांनी कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही.

सर्वांत आधी इंद्रियांचा विचार करावा, कारण घरातली निम्मी भांडणे तिथून सुरू होतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारच्या घरात चाललेले ड्रिलिंग, ट्यूबलाइटची बारीक घरघर हे आवाज आपण ऐकून न ऐकल्यासारखे करतो; पण अनेक स्वमग्न मुलांच्या मेंदूत ही चाळणी तशी चालत नाही आणि सगळे आवाज एकाच जोराने आत येतात. गणवेशाच्या कॉलरमागचे लेबल दिवसभर टोचत राहते. जे मूल 'विनाकारण' शर्ट काढून फेकते त्याच्या शर्टाची आतली बाजू एकदा स्वतःच्या मानेवर घासून पाहावी. याउलट काही मुलांना जाणीव कमी पडते. ती सतत उड्या मारतात, गिरक्या घेतात, भिंतीला अंग घासतात, कारण त्याशिवाय त्यांना स्वतःचे शरीर नीट जाणवत नाही. अशा मुलाला 'स्वस्थ बस' म्हणण्यापेक्षा पाण्याने भरलेली बादली न्हाणीघरापर्यंत न्यायला सांगणे, गादीची गुंडाळी ढकलायला लावणे, कणीक मळायला देणे उपयोगी पडते. अंगाला जोर लावावा लागणाऱ्या अशा कामांनंतर ते थोडा वेळ शांत बसू शकते.

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये वेगळी 'सेन्सरी रूम', म्हणजे इंद्रियांना निवांतपणा देणारी खोली, कुठून आणायची, असा प्रश्न पालक विचारतात. तिची गरज नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधला कोपरा, त्याला एक जाड पडदा, आत उशी आणि आवडीची एक वस्तू एवढे पुरते. अट एकच : ती जागा शिक्षेची नसावी, तिथे असताना मुलाला कोणी हाका मारू नयेत आणि बाहेर कधी यायचे हे त्याने ठरवावे. मिक्सर लावण्याआधी 'आता आवाज होणार' असे सांगून पाच आकडे मोजावेत, म्हणजे आवाज अंगावर येत नाही. गणपतीत आणि दिवाळीत कानांवर लावायचे हेडफोन आधीपासून सरावाचे करून ठेवावेत. विसर्जनाच्या संध्याकाळी पहिल्यांदाच कानाला लावले तर तेच नवे संकट होते. मंडळाच्या ढोल-ताशाजवळ मुलाला 'सवय व्हावी म्हणून' उभे करणारे नातेवाईक भेटतात. अशाने सवय होत नाही, भीती तेवढी वाढते.

जेवणातही हेच दिसते. भातावर वरण ओतले की ताट सरकवून देणारे मूल हट्टी असतेच असे नाही. मऊ आणि पातळ एकत्र आले की तो स्पर्श त्याला जिभेवर सहन होत नाही. वरण वेगळ्या वाटीत द्यावे. नवा पदार्थ आधी ताटाच्या कडेला नुसता ठेवावा, तो खाण्याची सक्ती करू नये. खाण्याचे पदार्थ फारच मोजके उरले आणि वजन घटू लागले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. झोप आणि फेफरे यांच्या तक्रारीही या मुलांत जास्त आढळतात आणि त्यांवर औषध मिळते. स्वमग्नता घालवणारे औषध मात्र नाही.

आता बोलण्याविषयी. बरीच स्वमग्न मुले ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणतात. 'तुला पाणी हवं का?' असे मूल स्वतःच विचारते तेव्हा त्याला स्वतःला तहान लागलेली असते, कारण पाणी मिळण्याआधी त्याने हेच वाक्य ऐकलेले असते. लोकलमधली 'पुढील स्टेशन दादर' ही घोषणा एखादे मूल लग्नाच्या हॉलमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत असेल आणि दादरला त्याची आजी राहत असेल, तर त्याचा अर्थ 'मला इथून जायचं आहे' असा असू शकतो. अशा वेळी 'गप्प बस, काहीतरी बडबडू नकोस' म्हणण्याऐवजी त्याच्या वतीने नेमके वाक्य म्हणावे : 'मला बाहेर जायचं आहे.' आणि लगेच त्याला बाहेर न्यावे. शब्द उच्चारल्यावर खरोखर काही घडते, हे त्याला कळले पाहिजे.

भाषेच्या बाबतीत मुंबईत एक सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अतिशय नुकसानकारक वाटतो. घरी मराठी, शाळा इंग्रजी आणि इमारतीत हिंदी, यात मूल गोंधळते, तेव्हा मराठी बंद करा आणि फक्त इंग्रजीत बोला, असे पालकांना सांगितले जाते. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा आणखी मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. मग ज्या आईला इंग्रजीत फक्त 'कम, सिट, ईट' एवढेच सहज बोलता येते, ती दिवसभर आज्ञाच देत राहते. तिच्या गोष्टी, लाडाची नावे, गाणी, आजीशी चालणाऱ्या गप्पा हे सगळे घरातून जाते. मुलाशी आपण ज्या भाषेत मोकळेपणाने बोलू शकतो तीच बोलावी. फक्त वाक्ये लहान असावीत, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबावे. हे थांबणे मोठ्या माणसांना सर्वांत अवघड जाते.

मूल बोलत नसेल तर चित्रे, खुणा किंवा टॅबलेटवरचे बोलणारे ॲप यांचा आधार द्यावा. असा आधार दिला तर ते बोलण्याचा आळस करेल, ही भीती अनाठायी आहे. या साधनांमुळे बोलणे खुंटत नाही, उलट काही मुलांत शब्द वाढतात. पाणी, शू, दुखतंय, नको आणि थांबा ही चित्रे आधी द्यावीत. बहुतेक घरांत 'चॉकलेट' हे चित्र आधी येते आणि 'नको' हे कधीच येत नाही. नकार देण्याचे साधन नसेल तर मूल चावते किंवा ढकलते, कारण त्याला 'नको' म्हणायला दुसरा मार्ग उरलेला नसतो.

दिवसाचा क्रम मुलाला डोळ्यांनी दिसला पाहिजे. फ्रिजच्या दारावर उभी पट्टी लावावी आणि तिच्यावर दात घासणे, आंघोळ, गणवेश, पोळी, बूट, बस अशी चित्रे किंवा मोबाइलवर काढलेले त्याचेच फोटो क्रमाने चिकटवावेत. काम झाले की मुलाने ते चित्र स्वतः काढून खालच्या डब्यात टाकावे. 'जरा थांब' आणि 'आलेच पाच मिनिटांत' यांना या मुलांच्या लेखी अर्थ नसतो, कारण आपली पाच मिनिटे कधी दोनाची तर कधी वीसची असतात. वाळूचे घड्याळ किंवा टायमर लावला तर थांबणे कधी संपणार ते दिसते.

क्रम बसवण्याइतकेच महत्त्व क्रमातला बदल शिकवण्याला आहे, आणि इकडे अनेकदा दुर्लक्ष होते. पावसाळ्यात दादरच्या हिंदमाता परिसरात पाणी तुंबले की शाळेची बस दुसऱ्या रस्त्याने वळते. इतर मुलांना त्यात मौज वाटते. स्वमग्न मूल मात्र किंचाळू लागते, स्वतःच्या हाताला चावते आणि बसमधल्या ताई हैराण होतात. त्याच्या दृष्टीने ओळखीचे वळण न येणे म्हणजे बस घरी जात नसणे होय. म्हणून चित्रांच्या पट्टीत 'बदल' असे एक वेगळ्या रंगाचे कार्ड ठेवावे आणि त्याचा सराव सुखाच्या प्रसंगी करावा. आज पोळीऐवजी घावन, आज बागेऐवजी चौपाटी, असे छोटे आणि आवडते बदल त्या कार्डासह आठवड्यातून एकदोनदा करत राहिले, तर जूनपर्यंत ते कार्ड त्याच्या ओळखीचे झालेले असते आणि बसच्या ताईंच्या पर्समध्येही त्याची एक प्रत ठेवता येते.

एवढे करूनही कधीतरी मूल कोलमडतेच. हट्ट आणि कोलमडणे यांत फरक आहे. हट्ट करणारे मूल मध्येच आपल्याकडे पाहते आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबते. कोलमडलेले मूल वस्तू मिळाली तरी थांबू शकत नाही, कारण त्याचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो. त्या वेळी समजावणे, ओरडणे, प्रश्न विचारणे या सगळ्याने भर पडते. बोलणे बंद करावे, माणसे दूर करावीत, दिवा आणि आवाज कमी करावा, डोक्याला इजा होणार नाही एवढे पाहावे आणि थांबावे. फलाटावर असे घडले तर बघे जमतात आणि कोणीतरी 'एक ठेवून द्या' असा सल्लाही देतो; त्याला उत्तर देण्यात वेळ न घालवता जिन्याखालची किंवा फलाटाच्या टोकाची मोकळी जागा गाठावी. नंतर शांतपणे वहीत लिहावे : त्याआधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. महिनाभराच्या अशा नोंदी वाचल्या की बरेचदा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, मग ती भूक असो, बद्धकोष्ठ असो की गुरुवारचा पी.टी.चा तास.

शाळेकडे वळताना कायद्याची बाजू माहीत असलेली बरी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेनुसार सोयी कराव्यात, असे हा कायदा सांगतो. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र शाळा 'नाही' असे क्वचितच म्हणते. 'आमच्याकडे त्याला न्याय मिळणार नाही' असे म्हणते. अशा वेळी तोंडी चर्चा न वाढवता प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा आणि उत्तरही लेखी मागावे. 'शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणारा मदतनीस, तुम्हीच नेमा आणि पगारही तुम्हीच द्या' ही अट अनेक खासगी शाळा घालतात. काही मुलांना सुरुवातीला अशा मदतनीसाची खरोखर गरज असते. पण वर्षानुवर्षे तीच व्यक्ती मुलाला चिकटून बसली तर वर्गशिक्षिका त्याच्याशी बोलेनाशा होतात आणि वर्गातली मुलेही. म्हणून मदतनीस नेमतानाच ती हळूहळू कशी मागे सरकणार, हे ठरवून घ्यावे.

साठ मुलांच्या वर्गात शिक्षिकेला एका मुलासाठी किती करता येईल, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. बसण्याची जागा ठरलेली, दारापासून आणि पंख्याच्या आवाजापासून दूर असावी. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभराच्या तासांचा क्रम लिहावा. त्याचा फायदा सगळ्याच वर्गाला होतो. सूचना वर्गाला दिल्यावर मुलाचे नाव घेऊन एकदा पुन्हा सांगावी. 'नीट बस' यापेक्षा 'पाय खाली ठेव' हे स्पष्ट आहे. 'बोलताना माझ्या डोळ्यांत बघ' असा आग्रह धरू नये. अनेक स्वमग्न मुलांना नजर मिळवणे आणि ऐकणे या दोन गोष्टी एकदम जमत नाहीत. 'बाहेर जायचे' असे कार्ड बाकावर असावे आणि ते दाखवल्यावर दोन मिनिटे व्हरांड्यात उभे राहता यावे. घंटा वाजण्याआधी वर्ग सोडण्याची मुभा मिळाली तर जिन्यावरची रेटारेटी टळते.

मधल्या सुट्टीचा विचार कोणी करत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. वर्गात नियम असतात. सुट्टीत ते नसतात. चिडवणे, डबा पळवणे, 'शिक्षिकेला जाऊन अमुक बोल' असे भरीला पाडणे हे तिथेच घडते, आणि स्वमग्न मूल ते घरी सांगेल याची खात्री नसते. ग्रंथालय, झाडांना पाणी घालणे किंवा एका समजूतदार सोबत्याबरोबर ठरलेला खेळ असे काहीतरी सुट्टीसाठी नेमून द्यावे. शाळेच्या स्वच्छतागृहातला वास आणि पाण्याचा आवाज सहन न झाल्यामुळे दिवसभर पाणीच न पिणारी मुले असतात. सुट्टी संपल्यावर, सगळे शांत झाल्यावर, जाण्याची परवानगी एवढाही उपाय पुरतो.

आणि घर व शाळा यांनी एकच शब्द, एकच चित्र, एकच खूण वापरली पाहिजे. घरी 'शू' म्हणायचे, शाळेत 'टॉयलेट' आणि थेरपीत 'वॉशरूम', असे असेल तर मूल तीन वेगवेगळ्या गोष्टी शिकते. रोजच्या वहीत शाळेकडून लांब अहवालाची अपेक्षा ठेवू नये. खाल्ले का, रडला का, नवीन काय केले, या तीन ओळी पुरेत. त्यातली तिसरी ओळ कधीच रिकामी ठेवू नये, अशी विनंती मात्र अवश्य करावी.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण लवकर करावे. शासकीय रुग्णालयात 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम' या चाळीस मुद्द्यांच्या श्रेणीवर मूल्यमापन होते आणि त्यावरून प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो. नेहमीचा अभ्यासक्रम झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) परीक्षेत विषय निवडण्याची आणि ते टप्प्याटप्प्याने पूर्ण करण्याची सोय आहे. स्वमग्नता आणि इतर काही दिव्यांगत्वांसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचाही काही खर्च येतो. ओळखपत्र काढल्याने मुलावर शिक्का बसेल, ही भीती समजण्यासारखी आहे. पण ते कपाटात ठेवता येते आणि हवे तेव्हाच दाखवता येते.

या वाटेवर 'पूर्ण बरे करतो' म्हणणारेही भेटतात. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून स्वमग्नता जाते, असे सांगून लाखो रुपये घेतले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे ठरलेले रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे पैसे मागितले गेले, एवढ्यावरूनच काय ते समजावे. त्या रकमेत एका आईला वर्षभर विश्रांतीसाठी मदतनीस ठेवता येईल, आणि त्याचा मुलालाही जास्त उपयोग होईल असे मला वाटते. घरातल्या दुसऱ्या मुलाचा, समजा मोठ्या बहिणीचा, विचारही व्हावा. 'तू मोठी आहेस ना, समजून घे' हे वाक्य तिने किती वेळा ऐकायचे, याला मर्यादा असावी, आणि आठवड्यातला एखादा तास फक्त तिचा असावा.

दर जूनमध्ये वर्ग बदलतो, शिक्षिका बदलतात आणि मुलाची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागते. अशा वेळी रिपोर्टची जाड फाइल नव्या बाईंच्या हातात देण्यापेक्षा मराठीत किंवा त्यांना सोयीच्या भाषेत लिहिलेले एकच पान द्यावे. त्याला काय फार आवडते, ते सर्वांत वर. त्याखाली, तो काय म्हणाला की त्याचा अर्थ काय घ्यायचा. मग कोणते आवाज आणि स्पर्श सहन होत नाहीत. तो कोलमडला तर काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही. आणि शेवटी पालकांचा, शाळेच्या वेळात उचलला जाईल असा, फोन नंबर. शाळा सुरू होण्याच्या दोनतीन दिवस आधी परवानगी काढून मुलाला रिकाम्या वर्गात नेऊन आणावे, त्याचा बाक दाखवावा आणि त्या बाकाचा, बाईंचा आणि स्वच्छतागृहाच्या दाराचा फोटो काढून फ्रिजवरच्या पट्टीत लावावा.